उत्तर पळाला तेव्हा आपण हसलो

रविवारी सकाळी भिलाईजवळच्या पद्मनाभपुरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मराठी, छत्तीसगढी, तेलुगू शेजारी दारात चपला काढून सतरंजीवर दाटीवाटीने बसायचे. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’चे ९४ भाग झाले आणि त्यातले बहुतेक आम्ही असेच, एकमेकांच्या खांद्यावरून पाहिले. द्यूत झालं, वस्त्रहरण झालं, वनवास झाला. बायका पदराने डोळे टिपत घरी जायच्या. मग विराटनगरीचा राजपुत्र उत्तर आला आणि ती खोली पोट धरून हसली. एवढ्या भीषण युद्धकथेत व्यासांनी ही गंमत का ठेवली असावी, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे.

प्रसंग नेमका कुठे येतो, ते आधी पाहू. पांडवांचा विराटनगरीतला अज्ञातवास संपत आलेला आहे. भीमाने नुकताच कीचकाला ठार मारलं आहे. याच कीचकवधावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली नाटक लिहिलं आणि इंग्रज सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली, इतका तो भाग जहाल. पुढे कुरुक्षेत्र आहे. या दोहोंच्या मध्ये उत्तर उभा आहे.

त्रिगर्तांचा राजा सुशर्मा दक्षिणेकडून चालून येतो. उत्तराचा बाप, राजा विराट, सगळं सैन्य घेऊन तिकडे जातो. तेवढ्यात उत्तरेकडून कौरव येतात आणि साठ हजार गाई वळवून नेतात. गवळ्यांचा प्रमुख धावत राजवाड्यात येतो, तर तिथे एकटा उत्तर. तो अंतःपुरात बायकांसमोर बसून सांगतो, की चांगला सारथी तेवढा मिळू दे, मग कौरवांची काय गत करतो ते पाहा. मराठीत ‘उत्तराच्या वल्गना’ म्हणतात, त्या याच. सैरंध्री झालेली द्रौपदी बृहन्नडेचं नाव सुचवते. नाच शिकवणारी बृहन्नडा म्हणजे अर्जुन, हे आपल्याला ठाऊक असतं, उत्तराला नसतं. या प्रसंगातलं अर्धं हसू त्या गुपितातून येतं.

व्यासांनी हा भाग किती बारकाईने रंगवला आहे! अर्जुन मुद्दाम चिलखत भलत्याच पद्धतीने अंगावर चढवतो. मुली खिदळतात. त्याला जमत नाही असं पाहून शेवटी उत्तर स्वतः ते नीट बांधून देतो. निघताना धाकटी बहीण उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी बृहन्नडेला सांगतात, कौरवांना जिंकलंस की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची तलम, रंगीत वस्त्रं आण.

नगराबाहेर कौरवसेना दिसते आणि उत्तराच्या अंगावर काटा येतो. गाई गेल्या तर जाऊ देत, बायका हसल्या तर हसू देत, असं म्हणत तो रथातून उडी टाकतो. लांब वेणी उडवत, लाल वस्त्रं सावरत अर्जुन त्याच्या मागे धावतो. ते पाहून समोरचे सैनिकही हसू लागतात. शंभर पावलांत अर्जुन त्याला केसांनी धरतो. उत्तर गयावया करतो: शंभर सोन्याची नाणी देतो, आठ वैडूर्य मणी देतो, दहा हत्ती देतो, पण मला सोड.

हे हसू कसं घडतं, ते आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवलं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने तो विचार सगळ्याच रसांपर्यंत नेला. उत्तर अंतःपुरात जे करतो, ती वीररसाची नक्कल आहे. रणांगण दिसताच ती गळून पडते आणि उरतो एक घाबरलेला पोरगा. साऱ्या महाभारतात युद्धाची भीती इतक्या उघडपणे कबूल करणारं माणूस क्वचितच सापडतं. अर्जुनही त्याला टाकून बोलत नाही. तू घोडे सांभाळ, मी लढतो, एवढंच सांगतो आणि त्याला शमीच्या झाडाकडे नेतो. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच ही शमी. तिच्यावरून उत्तर गांडीव खाली उतरवतो आणि तोच उत्तर त्या दिवशी अर्जुनाचा रथ हाकतो.

युद्धकथेत हसू कशासाठी, हे समजून घ्यायला आमच्या भागात पोथीचीही गरज नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरीत पहिल्यांदा पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची पांडवांची कथा, सादर केली. बायकांनी बसून गायचं अशी रीत असताना त्या कापालिक शैलीत उभ्या राहून गायल्या. हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मधून त्या दूरदर्शनवर घरोघरी पोचल्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंडवानीत गाणाऱ्याच्या शेजारी रागी असतो. तो हुंकार देतो, भाबडे प्रश्न विचारतो, मध्येच कोटी करतो. रक्ताचे पाट वाहत असतानाही लोक हसतात, आणि हसून सैलावलेल्या माणसाच्या मनात पुढचं दुःख थेट उतरतं. रात्रभर बसलेल्या श्रोत्यांना सांभाळणाऱ्या कलावंतांनी कमावलेलं हे शहाणपण आहे.

उत्तराच्या गोष्टीत ते दुःख फार दूर नसतं. उत्तर रणांगणावरून परतल्यावर विराट मुलाचं कौतुक करू लागतो. उत्तर मात्र सरळ सांगतो, की मी नाही जिंकलो, एका देवपुत्राने जिंकलं. सकाळी बढाया मारणारा मुलगा संध्याकाळी खरं बोलायला शिकलेला असतो.

मग कुरुक्षेत्र येतं. पहिल्याच दिवशी उत्तर हत्तीवर बसून शल्यावर चालून जातो, त्याच्या रथाचे चारही घोडे मारतो. या वेळी तो पळत नाही. शल्याची शक्ती त्याचं चिलखत भेदते आणि अठरा दिवसांच्या संहारात मोठ्या घरातला पहिला बळी त्याचा पडतो. आमच्या खोलीत त्या रविवारी कुणी हसलं नाही. काही महिन्यांपूर्वी ज्याला हसलो होतो तो गेला, हे पोरांनाही कळलं होतं.

मालिकेत उत्तरेची भूमिका वर्षा उसगांवकरांची होती, त्यामुळे आमच्याकडच्या मराठी बायकांना ती घरचीच मुलगी वाटायची. तिच्या वाट्याला भाऊ पहिल्या दिवशी आणि नवरा अभिमन्यू तेराव्या दिवशी गमावणं आलं. तिचा संसार जेमतेम सहा महिन्यांचा. परीक्षिताला तिने जन्म दिला आणि सगळा कुरुवंश त्या एका मुलावर टिकला.

उत्तर नुसता शूर वीर म्हणून आला असता, तर त्याचं मरण यादीतलं एक नाव झालं असतं. त्याची फजिती पाहिली, म्हणून तो आपला झाला. त्या दिवशी गाई सोडवून परतण्याआधी तो अर्जुनाच्या अस्त्राने बेशुद्ध पडलेल्या कौरववीरांमधून चालत गेला होता. द्रोण आणि कृपाची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रं त्याने काढून घेतली. बहिणीने बाहुल्यांसाठी मागितली होती, ती अर्जुनाच्या सांगण्यावरून त्याने आणली.