सुपेल्यात इंजिन बसतं

सकाळी ७:३०
भिलईचा सुपेला. जीई रोडवरून आत वळलं की पत्र्याची शेड. मे महिना, म्हणून काम लवकर सुरू होतं. अकरानंतर पान्याचा चटका बसतो. मिस्त्री मूळचे गोंदियाकडचे, मराठीही तिकडचीच. मदतनीस पोरगा छत्तीसगढी. त्याची रोजी ४५० रुपये, चहा-नाश्ता गॅरेजचा. समोर २०१२ची डिझेल स्विफ्ट. बॉनेट, बंपर, रेडिएटर सगळं उतरवलेलं. आज तिच्यात दुसरं इंजिन बसवायचं आहे.

८:००
इंजिन नागपूरच्या कबाड्याकडून आलंय. टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटरसकट ५२,००० रुपये, वर टेम्पोभाडं ३,५००. बाराशे अठ्ठेचाळीस सीसीचं हे इंजिन मुळात फियाटचं. मारुतीनं घेतलं, टाटांनीही घेतलं. एप्रिल २०२० पासून मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, पण इंजिनं कबाडात येतच आहेत.

मिस्त्री ऑइलचं झाकण उघडून बोट फिरवतात. काळा चिखल नाही. क्रँकच्या पुलीला गोटीपाना लावून हातानं दोन फेरे देतात. मग टर्बोचा दांडा चिमटीत धरून हलवतात. "बाजूला जरासा हालला तर चालते. आत-बाहेर हालला तर गेला." हा हालत नाही.

९:१५
क्लच. गाडीच्या मालकानं काल फोनवर सांगितलं होतं, जुनीच प्लेट टाका. मिस्त्रींनी ऐकलं नाही. "गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी अडीच हजार. मंग आताच काऊन नाही?" क्लचचा सेट ४,८००. क्रँकचं मागचं ऑइल सील ३५०. होजचे क्लिप मात्र जुनेच, पेट्रोलमध्ये धुऊन.

१०:३०
एक पोरगा मारुती ८०० घेऊन येतो. त्याला तिच्यात हेच टर्बो इंजिन हवंय. बजेट चाळीस हजार.

मिस्त्री हसत नाहीत. त्याच्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी, ताकद सदतीस हॉर्सपॉवर. हे पंच्याहत्तरचं. "फाउंडेशन नवं वेल्ड करा लागते. गिअरबॉक्स, एक्सल, वायरिंग, रेडिएटर, सगळं बदलते. मंग समोरचे स्प्रिंग दबतात, ब्रेक पुरत नाहीत. अन् आरसीवर पेट्रोल लिहून हाये, त्याचं काय करता?" पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवण्याचा असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. पोरगा प्लग साफ करून घेतो, साठ रुपये देतो. सायलेन्सर त्यानं आधीच बदललेला आहे. आवाज बराच वेळ ऐकू येतो.

११:४०
छताला आडवा गर्डर. भिलईत लोखंडाची वाण नाही. त्याला चेनकप्पी. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून साखळीवर घेतलंय. मदतनीस पोरगा साखळी ओढतो, मिस्त्री दोन्ही हातांनी इंजिन तिरपं धरतात. "थोडं. थोडं. बस!" एसीचा पाइप वाचवायचा असतो. पहिलं फाउंडेशन लागतं. दुसऱ्याचं भोक बोटभर हुकतं. जॅक, पहार, पुन्हा साखळी. बोल्ट आत जायला पाऊण तास लागतो. बनियन पिळून काढावीत इतका घाम.

दुपारी २:२०
मालक येतो. स्टील प्लांटची पहिली पाळी सुटलीय. मिस्त्री त्याला जुन्या टर्बोचा तेलाचा पाइप दाखवतात. आत कार्बन साचून वाट सुईएवढी उरलेली. टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो. तेल पोचलं नाही की बेअरिंग जळतं. इथं आधी टर्बो गेला, मग इंजिन जॅम झालं.

"साफ करून हाच लावा ना."

"नाही भाऊ." नवा पाइप १,४५०. तांब्याचे वॉशर ८० रुपयांचे. क्लिपांवर वाचवणारा माणूस इथं एक पैसा सोडत नाही. हवेचे जुने पाइपही आतून पुसून घेतात. त्यांत साचलेलं तेल इंजिननं ओढलं तर चावी काढूनही ते थांबत नाही.

४:३०
वायरिंग. ईसीएम गाडीचाच जुना ठेवलाय, कारण चावीची चिप त्याच्याशीच जुळते. स्कॅनरवाला मोटारसायकलवर येतो, आलेल्या इंजिनाच्या इंजेक्टरांचे कोड भरतो, ८०० घेतो. वीस मिनिटांचं काम. पोरगा त्याच्या बॅगेकडे बघत राहतो.

६:००
ऑइल, फिल्टर, कूलंट, मिळून २,९००. इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता सेल्फ मारतात. थांबतात. पुन्हा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझतो, म्हणजे तेल वर पोचलं. मग कनेक्टर लावून चावी. तिसऱ्या सेल्फला इंजिन पकडतं. "रेस नको!" मालकाचा पाय वरच थांबतो. दहा मिनिटं नुसतं आयडल. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली झोपतात. गळती नाही.

७:१०
मजुरी ९,०००. एकूण ७४,८८०. मालकाकडून आतापर्यंत आलेले ७२,०००. बाकी २,८८० पगाराला. पोराचे ४५० आधी निघतात.

इंजिनचा नंबर बदललाय. १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी कबाड्याचं बिल लागतं. मालक हात पुढे करतो. मिस्त्री बिलाची घडी घालून खणात ठेवतात.

"पगार सात तारखेला ना? मंग आठला घेऊन जा."