किल्लारी : जागेगणिक हादऱ्याचा अंदाज

एखाद्या जागी जमीन किती जोराने हादरेल, याचा अंदाज तीन टप्प्यांत बांधतात.

उगम : परिसरातील भ्रंश आणि जुन्या भूकंपांच्या नोंदींवरून संभाव्य धक्क्याची क्षमता व वारंवारता ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी गावाच्या परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या भूकंप-क्षेत्र १ मध्ये होता. २००२ च्या भारतीय मानकाने हा भाग क्षेत्र ३ मध्ये घेतला.

अंतर : उगमापासून दूर जाताना लाटा क्षीण होतात. किल्लारीचा भूकंप उथळ होता, म्हणून विध्वंस तेरणा नदीकाठच्या गावांत एकवटला.

जमीन : वरच्या ३० मीटर थरांतील कातरलाटांचा वेग मोजतात. कठीण बेसाल्टमध्ये तो जास्त, मऊ मातीत कमी असतो. मऊ थरात हादरा वाढू शकतो.

यातून त्या जागेच्या जमिनीचा प्रवेग मिळतो. ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के असलेला प्रवेग म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा येणारा हादरा.

प्रत्यक्ष हानी मात्र बांधकामावरही ठरते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद कोसळल्याने किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेत गाडली गेली.