कांद्याची एक माळही विकली नाही, टी-शर्ट मात्र छापून आले

थळचा एक तरुण धंद्याचा आराखडा घेऊन माझ्याकडे आला होता. अलिबागचा पांढरा कांदा मुंबईत घरपोच विकायचा. कल्पना चांगली होती. कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, मांडव्याहून मुंबईला बोट आहे. सहा महिन्यांनी भेटला, तेव्हा त्याच आराखड्यात सुकी मासळी, होमस्टेचं बुकिंग आणि भाड्याच्या स्कूटरही आल्या होत्या. ॲप बनवायला दिलं होतं, लोगो तयार होता, टी-शर्ट छापून आले होते. कांद्याची एक माळ अजून विकली गेली नव्हती.

त्याला हसू नका. आयआयटीत शिकलेल्यांचंही हेच झालंय. मुंबईत भाड्याचं घर मिळताना होणारा त्रास पाहून आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये हाउसिंग डॉट कॉम सुरू केली. घराची प्रत्यक्ष पाहणी करून खरी माहिती आणि फोटो द्यायचे, हे त्यांचं बलस्थान होतं. 2014 च्या अखेरीस सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने 9 कोटी डॉलर आले. मग भाडं, खरेदी, जमीन, थोड्या दिवसांचा मुक्काम असं सगळंच एकदम सुरू झालं. रस्तोरस्ती 'लुक अप'चे फलक लागले. संस्थापक राहुल यादव यांचे गुंतवणूकदारांशी जाहीर खटके उडाले आणि 1 जुलै 2015 रोजी त्यांना काढण्यात आलं. पुढे कंपनीने अनेक सेवा बंद केल्या, शेकडो जणांच्या नोकऱ्या गेल्या. 2017 मध्ये ती प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली.

असं का होतं? गिऱ्हाईक थेट 'नको' म्हणतं, ते ऐकणं जड जातं. ॲप, ऑफिस, नवा विभाग यांपैकी कुणीच नाही म्हणत नाही. शिवाय दिवसभर काम केल्याचं समाधानही मिळतं. हातात पैसा कमी असला की आधी काय करायचं ते निवडावंच लागतं. एकदम मोठी रक्कम आली की निवड करणंच थांबतं.

आपल्या मुलांचा प्रश्न याहून कठीण आहे. पवईत बुडाले ते गुंतवणूकदारांचे पैसे होते. आपल्याकडे असतं ते कर्ज. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेत 10 लाख ते 1 कोटीपर्यंत रक्कम मिळायची, पण तीही फेडायचीच होती. धंदा बसला तरी हप्ता थांबत नाही. घरात आईचे दागिने गहाण असतात, कुठे मामा जामीन असतो. आणि वस्तीतला एक मुलगा बुडाला की पुढच्या दहा जणांना घरचेच अडवतात. हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितलं आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. थळच्या त्या तरुणाने चौथा भाग ठेवलाच नव्हता, आणि व्यवसायाचे दोन्ही भाग ॲप आणि टी-शर्टांवर गेले होते.

आम्ही दोघांनी बसून यादी खोडली. मासळी, होमस्टे, स्कूटर गेली. ॲपचं काम थांबवलं. कांदा निघाल्यावर ओळखीच्या 20 घरांना फोनवरून विचारायचं, पैसे आधी घ्यायचे, माळा बोटीने पाठवायच्या, एवढंच राहिलं. पहिल्या खेपेला 11 घरांनी माळा घेतल्या. उरलेल्या 9 जणांनी का नाही म्हटलं, ते त्याने वहीत लिहून ठेवलंय.