आंब्याचे गणगोत

धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर आहे. तेथून अलिबागच्या वाटेला लागले, की आंब्याची आणि काजूची झाडे दिसू लागतात. ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. कारण त्यांच्या फळांत साम्य ते कोणते? परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ फुलांची घडण व अंगातील चीक यांवरून नाते ठरवितात. या कुळात सुमारे ८०० जाती आहेत. रानातील बिब्बा आणि आंबट फळांचा अंबाडा हे त्यांतलेच. पश्चिम आशियातील लोक सुमाक नावाच्या झुडपाच्या आंबट फळांची तांबडी पूड जेवणात वापरतात. तेही याच घराण्यातील होय.

या घराण्यातील पुष्कळांचा चीक मोठा दाहक असतो. आंब्याचा देठ खुडताच चीक उडतो आणि ओठांवर पडला तर फोड येतात. म्हणून जाणता बागवान आंबा देठासह उतरवितो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेल्या काजूचे बोंड खुशाल खावे. पण बीच्या टरफलातील तेल कातडी जाळते. कच्ची बी दातांनी फोडू पाहणाऱ्या मुलाचे तोंड सुजते ते यामुळेच.

बिब्बा तर या सर्वांहून जहाल. त्याचा रस वारा लागताच काळा पडतो. पूर्वी परीट बिब्ब्यात सुई बुडवून कपड्यावर खूण करीत व तीवर चुना लावीत. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच आहे. चालत्या कामात विघ्न आणणाऱ्याला ‘बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो, ते उगीच नव्हे!

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या अंगावर चट्टे उठू लागले. ते नेमके परिटाची खूण जेथे टेके, तेथेच उठत. वैद्यांनी १९४३ साली हा प्रकार प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या रानांत सुमाकाची जवळची नातलग असलेली एक विषारी वेल वाढते. तिच्यातील द्रव्य व बिब्ब्यातील द्रव्य ही सारखीच. त्यामुळे एकाने ज्याची कातडी हळवी केली, त्याला दुसरेही बाधते. आणि गंमत अशी, की जपानी कारागीर अशाच एका झाडाचा दाहक चीक लाकडी भांड्यांवर चढवितात. तो सुकला, की टणक व चकचकीत लेप तयार होतो.

चीक अंगाला लागल्यास ती जागा लगेच साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी; खाजवू नये. फोड पुष्कळदा एकदोन दिवसांनी उठतात, म्हणून काही झाले नाही असे समजून स्वस्थ बसू नये. फोड वाढले किंवा डोळ्यांशी आले, तर डॉक्टरांकडे जावे. बिब्बा फोडण्याचे काम तर जाणत्यांवरच सोपवावे. त्याच्या पोटातील गर मात्र रुचकर असतो. थंडीतल्या डिंकाच्या लाडवांत घालतात ती गोडंबी म्हणजे तोच गर.