पाच आरे आणि १/१२५ सेकंद

ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीचा एक भाग दर क्षणी अगदी थांबलेला असतो. टायरचा जो ठिपका त्या क्षणी रस्त्याला टेकलेला आहे, तो. टायर घसरत नसेल तर त्या ठिपक्याचा वेग शून्य. आणि त्याच टायरचा सगळ्यात वरचा ठिपका? तो गाडीच्या दुप्पट, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरने पुढे झेपावत असतो. तळ उभा, माथा सुसाट, आणि चाक एकच.

खोटं वाटत असेल तर संध्याकाळी पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवर जा. कॅमेरा अजिबात न हलवता शटर १/६० वर ठेवा आणि समोरून आडव्या जाणाऱ्या सायकलचा फोटो घ्या. वरच्या अर्ध्या चाकातले आरे एकमेकांत विरघळून गेलेले दिसतील. जमिनीजवळचे मात्र सुटे, जवळजवळ मोजता येतील असे. डोळ्याला हे सहसा जाणवत नाही. कॅमेऱ्याला दिसतं, कारण त्याला किती वेळ बघायचं ते आपण सांगतो.

शर्यतीचे फोटो काढायला निघालेला नवखा माणूस इथेच फसतो. गाडी वेगवान, म्हणून शटरही जमेल तितकं वेगवान, असा त्याचा साधा हिशोब असतो. तो १/४००० लावतो. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १/४००० सेकंदात गाडी सरकते सव्वा सेंटिमीटर. फोटो लख्ख येतो. बोनेटवरचे स्टिकर, हेल्मेटवरचे ओरखडे, सगळं दिसतं, आणि गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये लावल्यासारखी दिसते. चाक त्या वेळात फिरलंय फक्त सव्वादोन अंश. म्हणजे चाक उभं, म्हणजे गाडी उभी. बघणाऱ्याला वेग पटतो तो चाकावरून.

मग चाक किती फिरू द्यायचं? साधारण मोटारीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो. सेकंदाला ५० मीटर म्हणजे चाकाच्या २५ फेऱ्या. शटर १/१२५ ठेवलं तर त्या वेळात चाक एक पंचमांश फेरी मारतं, म्हणजे ७२ अंश. आता चाकाला पाच आरे असतील, तर दोन आऱ्यांमधलं अंतरही नेमकं ७२ अंश! प्रत्येक आरा सरकत सरकत बरोब्बर पुढच्या आऱ्याच्या जागी पोहोचतो आणि शटर बंद होतं. सगळी फट भरून निघते, चाक एक अखंड, झगमगती तबकडी होऊन जातं. शटर याहून जलद असेल तर आऱ्यांमध्ये रिकाम्या जागा उरतात, आणि आणखी जलद केलं तर चाक थिजतं.

हाच हिशोब उलटा मांडला तर एक सोपं सूत्र हाती लागतं. पाच आऱ्यांच्या चाकासाठी ताशी किलोमीटरला ०.७ ने गुणा, जो आकडा येईल तो शटरचा छेद. १८० ला १२६. ६० ला ४२, म्हणजे १/४०. गंमत पुढेच आहे. शर्यतींचे फोटो काढणाऱ्यांत जुना ठोकताळा आहे की गाडीचा वेग मैलांत घ्यावा आणि तोच आकडा शटरला लावावा. १८० किलोमीटर म्हणजे ११२ मैल. किलोमीटरचे मैल करायला ०.६२ ने गुणतात, आपलं सूत्र ०.७ म्हणतं. टायरच्या घेरातून निघालेलं गणित आणि ट्रॅकच्या कडेला उन्हात उभं राहून कमावलेला अंदाज इतके शेजारी शेजारी येतात, हे मला फार आवडतं.

पण १/१२५ सेकंदात गाडी ४० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. कॅमेरा स्थिर असेल तर गाडीचा नुसता रंगीत ओघळ उमटेल. म्हणून कॅमेरा गाडीबरोबर वळवायचा. यालाच पॅनिंग म्हणतात. पाय रोवून, कोपर पोटाशी धरून, कमरेतून वळायचं. गाडी लांब असतानाच तिला पकडायचं, शटर दाबल्यावरही थांबायचं नाही. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगसाठी वेगळा मोड असेल तर तो लावायचा, कारण त्यात कॅमेरा फक्त वरखालचा थरकाप आवरतो. आडव्या वळण्याला तो तुमची चूक समजत नाही.

आता यातलं खरं नवल. तुम्ही ट्रॅकपासून १०० मीटरवर आहात आणि गाडी ताशी १८० ने समोरून जातेय. तिच्यावर नजर ठेवायला कॅमेरा सेकंदाला सुमारे २९ अंश वळवावा लागतो. १/१२५ सेकंदात तो पाव अंशाहून किंचित कमी वळतो, म्हणजे आकाशातल्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी. एवढंसं वळणं, पण ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून, सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फुलफ्रेम फोटोत, मागचं सगळं जग दोनशे पिक्सेल फासलं जातं. ट्रॅकचं कुंपण असो की क्षितिजावरचा डोंगर, दोन्ही सारखंच फासलं जातं. जवळचं जास्त आणि लांबचं कमी, हा आगगाडीच्या खिडकीचा नियम इथे लागू नाही, कारण कॅमेरा जागा सोडत नाही, नुसता वळतो. वळणाऱ्या कॅमेऱ्याला अंतर कळतच नाही.

आणि ट्रॅकच्या जवळ, २० मीटरवर गेलात तर? वळण्याचा वेग पाचपट होतो. शिवाय शटर उघडं असतानाच गाडीची तुमच्याकडची बाजू बदलत जाते. तोंड आणि शेपूट एकाच वेळी धरून ठेवता येत नाहीत. म्हणून पुष्कळ उत्तम पॅनिंगमध्येही चालकाचं हेल्मेट करकरीत असतं आणि मागचा पंख विरलेला. तो दोष नव्हे, भूमिती आहे.

गाडी थेट अंगावर येत असेल तर हे सगळं निरुपयोगी. तिथे ती चौकटीत आडवी फारशी सरकतच नाही, नुसती मोठी होत जाते. अशा वेळी खुशाल १/१००० घ्या, ऑटोफोकस सतत पाठलागावर ठेवा, आणि वळणावर उभे राहा. वाकडी झालेली पुढची चाकं आणि एका बाजूला झुकलेली गाडी फिरत्या आऱ्यांची उणीव भरून काढतात.

शटर १/४००० म्हटलं म्हणजे सगळा फोटो १/४००० सेकंदात निघाला असं मात्र समजू नका. पडद्याच्या शटरमध्ये एक अरुंद फट संवेदकावरून सरकत जाते. प्रत्येक ओळीला प्रकाश मिळतो १/४००० सेकंद. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला फटीला साधारण १/२५० सेकंद लागतो. तेवढ्यात आपली गाडी वीस सेंटिमीटर पुढे! म्हणजे फोटोतलं छत आणि चाक हे वेगवेगळ्या क्षणांचे असतात. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिग या तरुणाने १९१२ च्या सुमारास ग्राँ प्रीमध्ये काढलेला फोटो याच कारणाने अजरामर झाला. त्याच्या शटरची फट फार सावकाश सरकायची आणि कॅमेरा त्याने वळवला तो गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही. चाकं पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखी उमटली आणि कडेचे प्रेक्षक मागे कलंडले. त्याला तो फसलेला वाटला होता. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन भरलं आणि आज वेगाचं चित्र म्हणून तोच फोटो दाखवतात. सोनीने २०२३ च्या अखेरीस सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा फुलफ्रेम कॅमेरा जाहीर केला, तेव्हा ही तिरपी चाकं संपवण्याची सोय झाली. संपवावीत का, हा प्रश्न वेगळा.

पुण्याची गंमत अशी की गाड्या इथे बनतात आणि पळतात दुसरीकडे. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पोलो गाड्यांची शर्यतमालिका २०१० मध्ये. पण फोटो काढायचे तर कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठायची. तरी पुणेकराने हात चोळत बसू नये. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यावरून उडालेली मोटारसायकल उडीच्या शिखरावर क्षणभर वर जात नसते आणि खालीही येत नसते. तो क्षण साधलात तर कॅमेरा फक्त आडवा वळवायचा, निम्मं काम हलकं. मागचं चाक हवेतही फिरत असतं, म्हणून १/१२५ तिथेही उपयोगी पडतं.

आणि बैलगाडा शर्यतींचे घाट तर आपले आहेतच. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात बैलगाडा एकेक करून सुटतो, पुढे घोडी, वर भिर्रर्रची आरोळी, आणि बारीचा, म्हणजे त्या धावेचा, निकाल घड्याळ देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. इथे आऱ्यांचं गणित सोडा, पाय बघा. जमिनीला टेकलेला खूर त्या क्षणी टायरच्या तळासारखाच थांबलेला असतो आणि उचललेला पाय बैलापेक्षा जलद पुढे जातो. १/१०० च्या आसपास सुरुवात करा: मान, शिंगं, वशिंड रेखीव, पायांचा नुसता धुरळा. कठड्याच्या आत मात्र जाऊ नका. बैलाला तुमची फोकल लेंग्थ ठाऊक नाही.

एक अडचण उन्हाची. एप्रिलच्या दुपारी आयएसओ १०० वर १/१२५ ला ॲपर्चर एफ/१६ पर्यंत बंद करावं लागतं. १/३० हवं असेल तर आणखी दोन पायऱ्या, म्हणजे एफ/३२, आणि तिथे बहुतेक लेन्स हात टेकतात किंवा चित्र मऊ पडतं. प्रकाश चौपट कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर साडेपाचनंतर जा. मी दुसरा मार्ग सुचवेन, तो फुकट आहे.

मोठा कॅमेरा नसेल तरी अडत नाही. फोन आपल्या मर्जीने शटर १/१००० च्या पुढे नेतो आणि जगातल्या सगळ्या गाड्या उभ्या करतो, एवढीच त्याची खोड. प्रो मोड उघडा, शटर १/३० वर आणा, फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला, फुटपाथ न सोडता, उभे राहा आणि पुढची पाच आऱ्यांची गाडी ताशी चाळीसने आली की तिच्याबरोबर वळा.