पऱ्हाटी कुणाची?

कापसाची शेवटची वेचणी झाली की कन्नड तालुक्यातल्या शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उरते. हेक्टरी 2 ते 3 टन, म्हणजे एकरी साधारण 8 ते 12 क्विंटल. थोडी चुलीत जाते, थोडी बांधावर रचतात, बाकीची पेटवून देतात. जैवअर्थव्यवस्था शिकवायला पदवीच्या मुलांपुढे हीच पऱ्हाटी ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये याच जैवअर्थव्यवस्थेला चालना देणारं ‘बायोई3’ धोरण मंजूर केलं. पण धोरणाची उद्दिष्टं पाठ करून मुलांना काय कळणार? त्यापेक्षा वर्गात पंचायत भरवा. एका गटाने शेतकरी व्हावं, दुसऱ्याने कारखानदार, तिसऱ्याने चूल पेटवणारी बाई, चौथ्याने जमीन आणि पाचव्याने चक्क गुलाबी बोंडअळी. प्रत्येकाने पऱ्हाटीवर हक्क सांगायचा.

कारखानदाराची बाजू भक्कम आहे. मुंबईतल्या ‘सिरकॉट’ या 1924 पासूनच्या कापूस संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पण पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागा अडवणारी. ट्रॅक्टर भरतो, टन भरत नाही. जवळपास भुगा केला नाही तर सगळा पैसा वाहतुकीत जातो. जमीन म्हणेल, माझ्यातून घेतलेलं मला परत द्या: कंपोस्ट करून, किंवा कमी हवेत जाळून केलेल्या कोळशाच्या रूपात. बोंडअळीला बांधावरची गंज हवी, कारण किडक्या बोंडांत ती सुप्तावस्थेत तग धरते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते.

सगळ्यात अवघड प्रश्न चुलीपाशी बसलेली बाई विचारते. सगळी पऱ्हाटी कारखान्याला विकली तर ती सरपण कुठून आणणार? उत्तर तालुक्यातल्या गौताळा अभयारण्याच्या जंगलाकडे बोट दाखवतं. शेतातला कचरा वाचवताना अभयारण्यावर कुऱ्हाड येऊ शकते, हे मुलांना भांडता भांडता उमगलं की शाश्वतता म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

नुसत्या वादावर मात्र थांबू नये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. कन्नडच्या मुलांनीही एका शेतातली पऱ्हाटी तोलावी, वाळवून पुन्हा तोलावी, मजुरी आणि भाडं मांडावं. मग हा हिशेब ग्रामसभेत, शेतकऱ्यांसमोर वाचावा. गुण तिथल्या उलटतपासणीवर द्यावेत.