ठाण्यात आलेल्या स्त्रीचा हक्क
चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यातील खेड्यातून अंगावर वळ घेऊन आलेल्या स्त्रीस ‘घरचे भांडण घरात मिटवा’ असे सांगून परत धाडण्याची मुभा जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही ठाणे अंमलदारास नाही. कारण २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या पाचव्या कलमाने संरक्षण अधिकारी, मोफत विधिसाहाय्य आणि फौजदारी फिर्याद यांची माहिती तिला देण्याचे कर्तव्य त्याच्यावर सोपविले आहे. घर पतीच्या नावे असले तरी तिला त्यातून काढू नये, असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात, ही गोष्ट खानदेशातील प्रत्येक माहेरास ठाऊक असणे मला अत्यावश्यक वाटते. संरक्षणाचा हुकूम मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.